दर शंभर, हातात चव्वेचाळीस: एका डॉक्युमेंटेशन लेखिकेचं प्रकरण

चांगले क्लायंट कुठे मिळतात, असं विचारणाऱ्या फ्रीलान्सरला मी आधी उलटा प्रश्न करतो: आत्ताचे क्लायंट तुम्हाला नेमके कितीला पडतात? याचं उत्तर सहसा मिळत नाही. मिळालंच तर दर सांगितला जातो. दर आणि कमाई या दोन गोष्टी किती लांब असू शकतात, हे या प्रकरणातून कळतं. प्रकरण कोणा एकीचं नाही. या धंद्यात पुन्हा पुन्हा दिसणारे प्रसंग एकत्र बांधून ते उभं केलं आहे, म्हणून त्यातले आकडे हिशेबाची रीत दाखवण्यापुरतेच घ्यावेत. पैशाची रक्कमही कुठे दिलेली नाही. तिचा सुरुवातीचा तासाचा दर १०० धरला आहे आणि बाकी सगळं त्या मापात मोजलं आहे.

ती एका सॉफ्टवेअर कंपनीत बरीच वर्षं सपोर्ट इंजिनिअर होती. ग्राहकांच्या डेव्हलपरना एपीआय (एक सॉफ्टवेअर दुसऱ्याशी बोलतं ती जोडणी) जोडताना येणाऱ्या अडचणी सोडवायच्या, हे तिचं काम. पुढे नोकरी सोडून ती लिहू लागली. फ्रीलान्स काम मिळवून देणाऱ्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरच्या प्रोफाइलवर तिनं लिहिलं होतं: ‘ब्लॉग, वेबसाइट, ईबुक, तांत्रिक लेखन, संपादन. दर्जेदार काम, वेळेत.’ काम मिळत होतं, बऱ्यापैकी मिळत होतं. रेटिंगही उत्तम होतं. तक्रार एवढीच की दिवसभर राबूनही महिनाअखेर हातात फारसं काही उरत नसे, आणि दर वाढवण्याचा विषय निघाला की क्लायंट गप्प होत.

हिशेब

एका साध्या आठवड्याचे तास तिनं मांडले. एकूण ४५. त्यातले बिल केलेले २२. नवं काम शोधण्यात, जाहिराती वाचण्यात आणि प्रपोजल लिहिण्यात १०. दुरुस्त्या आणि कॉल यांत आणखी १०, त्यांचे पैसे नाहीत. इनव्हॉइस पाठवणं आणि थकलेल्या पैशाची आठवण करणं यात ३. सगळं काम प्लॅटफॉर्मवरून येत होतं आणि तिथं १० टक्के कापले जात होते. अपवर्क या अशा प्लॅटफॉर्मनं २०२३ मध्ये २०, १० आणि ५ टक्क्यांचे जुने टप्पे मोडून सरसकट १० टक्के केले होते. पुढे तीही पद्धत बदलली. फायव्हर हा दुसरा प्लॅटफॉर्म तर विक्रेत्याच्या कमाईतले २० टक्के ठेवून घेतं. तिच्या १० टक्के कपातीनं १००चे झाले ९०. २२ तासांचे १९८०. त्याला ४५नं भागलं की ४४.

हा आकडा पाहून तिला वाईट वाटलं, पण खरा उपयोग झाला तो पुढच्या पायरीचा. तेच गणित तिनं, काम शोधण्याचे १० तास बाजूला ठेवून, क्लायंटवार केलं. एक कंटेंट एजन्सी तिला अर्ध्याहून जास्त कमाई देत होती आणि म्हणून ‘सगळ्यात महत्त्वाचा क्लायंट’ होती. तिच्यासाठी आठवड्याला १२ तासांचं बिल होई, पण दुरुस्त्या, कॉल आणि पैशामागचा पाठपुरावा धरून प्रत्यक्षात २२ तास जात. हातात पडणारा दर ४९. दोन-तीन किरकोळ क्लायंट मिळून ६४ निघाला. आणि एक लहानशी कंपनी होती. तिच्या एपीआयची जुनी आवृत्ती बंद होणार होती, म्हणून ग्राहकांना नव्या आवृत्तीवर नेणारी मार्गदर्शिका ती लिहीत होती. तिथं ४ तासांच्या बिलामागे वरखर्चाचा अर्धाच तास. दर ८०.

दर सगळीकडे तोच, माणूसही तोच. मग ४९ आणि ८० यांत एवढं अंतर का? तिचं पहिलं उत्तर होतं, ‘ते लोक चांगले आहेत.’ होतेही असतील. पण मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. एजन्सीत तिचा मजकूर चार-पाच जण तपासत आणि चांगलं म्हणजे काय यावर त्यांच्यातच एकमत नव्हतं. लहान कंपनीत वाचणारा एकच होता. मजकूर बरोबर आहे की नाही, हे तो स्वतः कोड चालवून अर्ध्या तासात ठरवू शकत होता. शिवाय त्या कामात तिच्याजवळ असं काही होतं जे दुसऱ्या लेखकाजवळ सहसा नसतं: डेव्हलपर नेमका कुठे अडतो, याचा वर्षानुवर्षांचा अनुभव. चांगला क्लायंट स्वभावानं चांगला असतोच असं नाही. ज्याची अडचण आणि तुमची हातोटी एकमेकींत नीट बसतात, तो चांगला वागताना दिसतो.

क्लायंटला दिसतं तरी काय?

इथं थोडं अर्थशास्त्राकडे वळतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन एक शोधनिबंध लिहिला. गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सरासरीची किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगले विक्रेते बाजारातून निघून जातात. सरासरी आणखी घसरते. कामाच्या प्लॅटफॉर्मवर एका जाहिरातीखाली डझनावारी प्रपोजल येतात तेव्हा हेच घडतं. क्लायंट मूर्ख नसतो. त्याला फरक दिसत नसतो, म्हणून तो दिसणाऱ्या एकमेव गोष्टीवर निवड करतो, आणि ती म्हणजे किंमत.

त्यात सर्वांत स्वस्त बोली जिंकणाऱ्याचीही गत फार बरी नसते. तेलक्षेत्रांच्या लिलावांवर १९७१ साली केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तिघांनी लिहिलं होतं की लिलाव बहुधा तोच जिंकतो ज्यानं तेलाचा अंदाज सर्वांत जास्त फुगवलेला असतो. आपल्याकडे हाच नियम उलटा लावायचा. सर्वांत कमी बोलीचं काम बहुधा त्याच्याच पदरात पडतं ज्यानं कामाचे तास सर्वांत कमी धरले.

मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली यावरची वाट सुचवली. (२००१चं अर्थशास्त्राचं नोबेल अ‍ॅकरलॉफ आणि स्पेन्स यांना जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह मिळालं.) घेणाऱ्याला पटेल अशी खूण तीच, जी लायक माणसाला कमी कष्टात देता येते आणि नालायकाला फार महाग पडते. या कसोटीवर तिचं प्रोफाइल लावून पाहा. ‘दर्जेदार काम, वेळेत’ हे तीन शब्द लिहायला सगळ्यांना सारखाच खर्च येतो, म्हणजे काहीच नाही. म्हणून त्यांची किंमतही तेवढीच. पाच सेवांची यादीही तशीच. रेटिंगला थोडी किंमत आहे, पण जिथं जवळजवळ प्रत्येकाचं रेटिंग उत्तम असतं तिथं त्यानं फरक कळत नाही.

मग कोणती खूण तिला स्वस्त आणि इतरांना महाग होती? याचं उत्तर तिच्या जुन्या नोकरीत होतं. एखाद्या एपीआयचं डॉक्युमेंटेशन (ते कसं वापरायचं हे सांगणारी पानं) उघडायचं, अगदी नवख्या डेव्हलपरसारखं पहिल्या ओळीपासून तसंतसं करत जायचं, पहिली यशस्वी विनंती जाईपर्यंत जिथं जिथं अडायला झालं ते टिपायचं, आणि प्रत्येक अडथळ्यापुढे लिहायचं की यातून सपोर्टकडे कोणता प्रश्न येणार. हे तिला एका दुपारचं काम होतं. ज्यानं सपोर्ट केलेला नाही त्याला आठवडा लागला असता, आणि तरी अर्धे अडथळे दिसले नसते.

तिनं प्रोफाइलचं शीर्षक बदललं: ‘तुमच्या एपीआयवर नव्या डेव्हलपरचा पहिला तास.’ ब्लॉग, ईबुक, संपादन सगळं काढून टाकलं. हे लिहायला सोपं आहे. करताना हात थरथरतो, कारण दार बंद केल्यासारखं वाटतं. पण ते दार उघडं ठेवून तिथून ४९च येत होते.

नमुना कुणावर करायचा, हा मात्र नाजूक प्रश्न होता. एखाद्या कंपनीच्या डॉक्युमेंटेशनची चारचौघांत चिरफाड केली की लेख वाचला जातो, पण ती कंपनी दुरावते आणि इतर सावध होतात. तिनं दोन रस्ते धरले. ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, प्रकल्पांमध्ये अशा सुधारणा हव्याच असतात. तिथं तिनं दुरुस्त्या पाठवल्या आणि त्या गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर स्वीकारल्या गेल्या. आपलं काम एका त्रयस्थानं तपासून घेतलं, याचा तो जाहीर पुरावा. गूगलनं २०१९ साली ‘सीझन ऑफ डॉक्स’ सुरू केलं तेही अशा प्रकल्पांना डॉक्युमेंटेशनची चणचण असते म्हणूनच. या तपासणीची पूर्ण कहाणी तिनं आपल्या साइटवर लिहिली. कंपन्यांच्या बाबतीत मात्र ती टिपणं फक्त त्या कंपनीला खासगीत पाठवायची.

ओळखीचे आणि अर्धओळखीचे

याआधी तिनं अनोळखी कंपन्यांना सरसकट मेल पाठवून पाहिले होते. उत्तर नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही, तो मेल कुणालाही पाठवता आला असता.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३चा अभ्यास इथं कामाला येतो. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं की ती ओळख किती दाट होती. नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळलं असं सांगणारे सुमारे १७ टक्के निघाले, अधूनमधून भेटणाऱ्याकडून सुमारे ५६ आणि क्वचितच भेटणाऱ्याकडून सुमारे २८. कारण साधं आहे. जवळच्या माणसांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतं. नवी बातमी लांबच्याकडून येते. तिच्यासाठी ही लांबची माणसं म्हणजे जुने सहकारी. कुणी दुसऱ्या कंपनीत सपोर्टप्रमुख झालेला, कुणी प्रॉडक्टकडे वळलेली. त्यांना तिनं ‘काही काम असेल तर सांगा’ असं लिहिलं नाही. तसं लिहिलं की समोरच्यावर ओझं पडतं आणि तो ‘नक्की कळवतो’ म्हणून विसरतो. तिनं एकच प्रश्न विचारला: ‘तुमच्याकडे सपोर्टला आत्ता सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न कोणता?’ सपोर्टमधल्या माणसाला हा प्रश्न विचारला की तो बोलायचा थांबत नाही. त्यातल्या एकानं बोलता बोलता सांगितलं, ‘आमचं ठीक आहे गं, पण माझ्या जुन्या मॅनेजर आहेत, त्यांच्याकडे बघ. त्यांच्याकडे तर आग लागली आहे.’

पहिला कॉल

ती कंपनी गोदामांतल्या मालाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर बनवत होती. ग्राहक आपापल्या प्रणाली एपीआयनं त्याला जोडत. प्रॉडक्टप्रमुख बाईंनी पहिल्याच मिनिटाला विचारलं, ‘सगळं डॉक्युमेंटेशन नव्यानं लिहायचं आहे. किती घ्याल?’

या प्रश्नावर आकडा सांगणं हा या धंद्यातला सर्वांत जुना मोह आहे. तिनं सांगितला नाही. ‘सांगते, पण आधी थोडं विचारू का? हे आत्ताच का करायचं ठरलं?’

उत्तर आलं की एक मोठा ग्राहक करार करून बसला आहे, पण त्याची टीम कित्येक आठवडे जोडणीतच अडकली आहे आणि पैसे जोडणी झाल्यावरच मिळणार आहेत. मग तिनं विचारलं, काहीच केलं नाही तर काय होईल? तीन महिन्यांनी एपीआयची नवी आवृत्ती येणार होती. हाच गोंधळ सगळ्याच ग्राहकांकडे होईल, असं त्या म्हणाल्या. याआधी काही करून पाहिलं होतं का? हो, एका लेखकाकडून पानं सुबक करून घेतली होती, उपयोग झाला नाही. आणि काम चांगलं झालं हे शेवटी कोण म्हणणार? इथं प्रॉडक्टप्रमुख थोड्या अडखळल्या. ‘मीच. म्हणजे, आमचे इंजिनिअरिंगप्रमुखही वाचतील.’ तिनं लगेच सांगितलं, ‘मग पुढच्या कॉलला तेही असले तर बरं होईल.’

हा शेवटचा प्रश्न माझ्या मते बाकीच्या सगळ्यांपेक्षा मोलाचा. एजन्सीच्या चार-पाच तपासनीसांनी जे तास खाल्ले होते ते या एका प्रश्नानं वाचतात. आणि या उत्तरांतून क्लायंटची पारखही होते. अडचण खरी आहे का, तिला मुदत आहे का, निर्णय घेणारा माणूस समोर आहे का, आणि मागच्या लेखकाबद्दल बोलताना ते काय बोलतात. प्रॉडक्टप्रमुख म्हणाल्या होत्या, ‘त्यांना आम्हीच नीट सांगू शकलो नाही.’ मागच्या चार फ्रीलान्सरना नावं ठेवणाऱ्याच्या यादीत पाचवं नाव आपलं असतं. इथं तसं नव्हतं.

कॉल संपताना त्यांनी एक नमुना पान फुकट लिहून मागितलं. तिनं ओपन सोर्समधल्या कामाची लिंक दिली आणि म्हटलं, ‘तुमच्या एपीआयवर काम करायचं तर आधी तो समजून घ्यावा लागेल, आणि खरं काम तेच आहे. त्याची एक छोटी, पैसे घेऊन करायची तपासणी सुचवू का?’ फुकट नमुना देऊ नये असा काही धर्म नाही. पण जे आधीच लिहिलेलं आहे ते दाखवणं वेगळं आणि नव्यानं राबणं वेगळं.

प्रपोजल

दोन पानांचं होतं. पहिल्या परिच्छेदात तिची ओळख नव्हती. कॉलवर प्रॉडक्टप्रमुखांनी जे सांगितलं होतं तेच, शक्य तिथं त्यांच्याच शब्दांत: ग्राहक अडकला आहे, पैसे जोडणीवर अडले आहेत, नवी आवृत्ती येते आहे. आपलं दुखणं कुणीतरी बरोबर ऐकलं, हे वाचणाऱ्याला पहिल्या पाच ओळींत कळावं.

पुढे दोन टप्पे. पहिला दोन आठवड्यांचा, ठरलेल्या रकमेचा, पैसे आधी. यात ती शून्यापासून जोडणी करून पाहणार, सपोर्टची अलीकडची १२० तिकिटं (ग्राहकांच्या प्रश्नांच्या नोंदी) वाचणार आणि अडथळ्यांचा क्रमवार अहवाल देणार. अहवाल कंपनीचा. पुढचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं तरी चालेल, असं तिनं स्पष्ट लिहिलं. दुसऱ्या टप्प्याची किंमत अहवालानंतरच. या रचनेत क्लायंटचा धोका दोन आठवड्यांपुरता उरतो, आणि न पाहिलेल्या कामाचा आकडा हवेत ठोकायची वेळ तिच्यावर येत नाही. पहिल्या टप्प्याची रक्कम पुढच्यातून वजा करा, अशी मागणी आली तेव्हा तिनं ती मान्य केली नाही. तपासणी हेही काम आहे, वजा केलं की ते जाहिरात होतं.

मग खरेदी विभागाचे अधिकारी आले. म्हणाले, ‘दुसरा एक लेखक निम्म्यात करतोय.’ या वाक्याला घाबरून दर खाली आणला की पुढचं सगळं नातं त्या खालच्या पायरीवरून सुरू होतं. भीड भिकेची बहीण म्हणतात ती अशी. तिनं दर तसाच ठेवून काम कमी करायची तयारी दाखवली: ‘एवढ्यात बसवायचं असेल तर तिकिटांचा भाग वगळू. पण मग कुठलं पान आधी लिहायचं हे अंदाजानं ठरवावं लागेल.’ तिकिटांचा भाग वगळू नका, असं इंजिनिअरिंगप्रमुखांनीच सांगितलं. प्रश्न मिटला. त्यांना दुसऱ्या कॉलला बोलावल्याचा पहिला फायदा.

पैशाच्या मुदतीवरही थोडी ओढाताण झाली. कंपनीची पद्धत ६० दिवसांची, तिची मागणी ३० दिवसांची. जगात याला अनेक आधार आहेत. कंपन्यांमधल्या व्यवहारात वेगळं स्पष्ट ठरलेलं नसेल तर मुदत ६० दिवसांपलीकडे जाऊ नये, असं युरोपीय संघाचा २०११चा निर्देश सांगतो. न्यूयॉर्क शहरात २०१७ साली लागू झालेल्या फ्रीलान्सरांच्या कायद्यात करारात तारीख नसेल तर काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवस. पण आपल्याला लागू नसलेला कायदा क्लायंटच्या तोंडावर फेकून काही होत नाही. तिनं मोठा अ‍ॅडव्हान्स मागितला आणि बाकीवर ३० दिवस पक्के केले.

अहवाल

हा प्रकरणाचा गाभा. १२० तिकिटांपैकी ४६ एकाच जागेची निघाली: ओळख पटवण्याची पायरी. चाचणीसाठी एक चावी (सर्व्हरला ओळख पटवणारा सांकेतिक मजकूर) आणि प्रत्यक्ष वापरासाठी दुसरी, दोघींचे पत्ते वेगळे, आणि हे डॉक्युमेंटेशनमध्ये तिसऱ्या पानावर एका ओळीत लिहिलेलं. ते पान नीट लिहायचं, हा सरळ उपाय होता. पण ती स्वतः जोडणी करत गेली तेव्हा आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. चावी चुकीची असो, मुदत संपलेली असो किंवा चाचणीची चावी प्रत्यक्षाच्या पत्त्यावर वापरलेली असो, तिन्ही वेळा सर्व्हर ४०१ हा कोड आणि ‘अनधिकृत’ एवढा एकच शब्द परत देत होता. कोड चुकीचा नव्हता. ४०१चा अर्थच ओळख पटली नाही असा आहे. पण का पटली नाही हे सांगणारं एकही वाक्य सोबत नव्हतं, आणि अडलेला डेव्हलपर डॉक्युमेंटेशन वाचायच्या आधी एररचा मजकूर वाचतो.

अहवालाच्या पहिल्या पानावर तिनं लिहिलं: ‘आधी एररचे तीन वेगळे संदेश करा. हे इंजिनिअरचं थोडक्यातलं काम आहे आणि त्यासाठी माझी गरज नाही. ते झाल्यावर डॉक्युमेंटेशनचं काम तुम्हाला वाटतं त्यापेक्षा कमी उरेल.’

एक क्षण असा येतो की सल्ला आणि स्वतःची कमाई यांची तोंडं विरुद्ध दिशेला होतात. इथं तो आला. सगळं नव्यानं लिहायचं मोठं काम समोर होतं, क्लायंट तयार होता, आणि तिनंच ते लहान केलं. इंजिनिअरिंगप्रमुखांना सुरुवातीला ते रुचलं नाही; बाहेरच्या लेखिकेनं आपल्या कोडमधली उणीव दाखवणं कुणाला आवडेल? ते म्हणाले, ‘तुम्हाला डॉक्युमेंटेशन बघायला सांगितलं होतं.’ तिनं वाद घातला नाही. ४६ तिकिटांची यादी तारखांसकट उघडून दाखवली. त्यांनी ती वाचली, दोन-तीन तिकिटं स्वतः उघडून पाहिली, आणि संदेश बदलायचं काम पुढच्या फेरीत घेतलं.

स्पेन्सच्या कसोटीवर याहून पक्की खूण नाही. स्वतःचं काम कमी करणारा सल्ला ढोंग्याला परवडतच नाही. त्यानंतर दुसऱ्या टप्प्याच्या किमतीवर कुणी घासाघीस केली नाही. तिनं दर १६० लावला. खरेदी विभागाचा मेल आला तो फक्त इनव्हॉइसवर कोणता क्रमांक लिहायचा, एवढं सांगणारा.

जे बिनसलं

करारात तिनं कलम घातलं होतं की पान पाठवल्यापासून पाच कामाच्या दिवसांत प्रतिक्रिया आली नाही तर ते मान्य समजायचं. कलम चांगलं होतं, तिनं ते वापरलं नाही. इंजिनिअरिंगप्रमुख नव्या आवृत्तीत बुडालेले, पानं पडून राहिली, नाराज कशाला करा म्हणून ती थांबली, आणि नंतर सगळे शेरे एकदम आले. दोन आठवडे घसरले. न वापरलेलं कलम म्हणजे नसलेलं कलम. ते वापरायला भांडावंही लागत नाही. चौथ्या दिवशी ‘उद्यापर्यंत काही आलं नाही तर हे पान अंतिम धरून पुढे जाते’ एवढी एक ओळ पुरते.

एजन्सीशी तिनं एका दिवसात नातं तोडलं नाही. नव्या कामाला नवा दर सांगितला, तातडीची कामं घेणं थांबवलं, दुरुस्त्यांच्या दोनच फेऱ्या धरल्या. एजन्सीनंच हळूहळू काम कमी केलं. त्या मधल्या काळात कमाई खाली गेली, आणि बाजूला ठेवलेल्या पैशावर तिनं तो काळ काढला. ज्याच्याकडे ती गाठ नाही त्याला मी ‘वाईट क्लायंट सोडून द्या’ असं कधीच सांगणार नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायला पोटात अन्न लागतं. तोवर वाईट क्लायंटच्या तासांना मर्यादा घालायची आणि त्याच्या पैशावर चांगल्याचा शोध चालवायचा.

प्लॅटफॉर्मवरून आलेले जुने क्लायंट तिनं त्यांचं काम संपेपर्यंत तिथंच ठेवले. कपात वाचवायला त्यांना बाहेर ओढायचा सल्ला तिला बऱ्याच जणांनी दिला. अपवर्कच्या अटींत तिथं जुळलेला व्यवहार दोन वर्षं तिथंच ठेवावा लागतो, किंवा बाहेर नेण्याचं वेगळं शुल्क भरावं लागतं. अटी मोडून १० टक्के वाचवायचे आणि खातं गमवायचं, हा व्यवहार मला तरी मूर्खपणाचा वाटतो. जुन्या सहकाऱ्याकडून आलेली गोदामवाली कंपनी या अटींत बसतच नव्हती.

आत्ताचा पेच

नव्या आठवड्याचा हिशेब असा आहे: ४२ तास, बिल २४ तासांचं, दर १६०, आणि आता प्लॅटफॉर्मवरचं काम उरलेलं नाही म्हणून मधे कपात नाही. ३८४०ला ४२नं भागलं की साधारण ९१. पूर्वीच्या दुपटीहून थोडं जास्त. बिल न केलेले तास २३ वरून १८वर आले आहेत. अजूनही ते बरेच आहेत, पण त्यातले बहुतेक आता ओपन सोर्सच्या दुरुस्त्यांत आणि जुन्या ओळखीच्यांशी बोलण्यात जातात.

पण कमाईतला सुमारे ६० टक्के वाटा आता त्या एका कंपनीचा आहे. एजन्सीचाही एवढा नव्हता. त्यात प्रॉडक्टप्रमुखांनी परवा विचारलं आहे: दरमहा ठरावीक तास आम्हालाच द्या, तेही सध्यापेक्षा बरेच जास्त, दर थोडा कमी, पण वर्षभराची खात्री. मोह मोठा आहे. काम आवडतं, माणसं सरळ आहेत, पैसे वेळेवर येतात.

तिनं मला विचारलं तर मी सांगेन की मागितलेल्या तासांपैकी निम्मेच द्यावेत, म्हणजे आज चालू आहेत त्यांच्या जवळपास, दर १६०च ठेवावा, आणि करार संपवायचा तर दोन्ही बाजूंनी तीन महिन्यांची पूर्वसूचना लिहून घ्यावी. वर्षभराच्या खात्रीला दरात सूट मागितली जाते, पण ती खात्री कागदावर बहुधा एका महिन्याच्या नोटिशीची असते; कंपनीकडून कराराचा मसुदा अजून आलेला नाही, आला की आधी तेच कलम पाहायचं. उरलेल्या तासांत नवी आवृत्ती काढणाऱ्या आणखी दोन कंपन्यांशी तपासणीचं बोलणं सुरू करावं. त्यातली एक प्रॉडक्टप्रमुखांच्याच ओळखीची आहे. तिच्या डॉक्युमेंटेशनवरची टिपणं तयार आहेत, अजून पाठवलेली नाहीत.